दोन वेण्यांची वर्षे

मला बोलता येत नाही असे नाही. पण समोरच्या माणसाचे बोलणे संपले आणि आता आपली पाळी आली हे लक्षात येताच माझ्या तोंडाशी आलेले शब्द मागे सरतात आणि त्यांच्याऐवजी मान हलते. ती कधी होकारार्थी हलते, कधी केवळ 'ऐकले' एवढ्याच अर्थाने, तर कधी 'आता मला जाऊ द्या' अशा विनवणीने. समोरचा माणूस तिचा अर्थ आपल्या सोयीने लावून मोकळा होतो. या सवयीने माझे आयुष्यात फारसे काही बिघडले नाही. एकदाच मोठे बिघडायची वेळ आली होती. त्या वेळेविषयी लिहावे असे पुष्कळ वर्षे मनात होते. लिहायला बसलो तो आता, निवृत्त होऊनही बराच काळ लोटल्यावर. माझा जन्म कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, इतरांनी लिहिलेल्या पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात गेला. स्वतः लिहिण्याचे धाडस हे असे उशिराचे आहे. वाचकाने ते सांभाळून घ्यावे.

पत्नी गेली तेव्हा आमची एकुलती एक मुलगी चौथीत होती. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. तेराव्याच्या दिवशी जेवणे आटोपली, पाहुणे पांगले आणि गारगोटीहून आलेल्या सासूबाई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. लेक गेल्याचे दुःख त्यांनी तेरा दिवस कामात बुडवून ठेवले होते, आणि आता शेवटचे एक काम उरले होते.

"मुलीला मी लगेच नेत नाही," त्या म्हणाल्या. "तिची शाळा मोडायला नको, आणि तुमचंही घर एकदम रिकामं व्हायला नको. पण बाईमाणूस नसलेल्या घरात मुलगी वयात आली की तिचं कोण बघणार? तेव्हा मात्र तिला गारगोटीला आणायची. मी आहे, मामा-मामी आहेत, तिथंही शाळा आहे. ठरलं ना?"

त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. मला काय म्हणायचे होते ते मात्र मला त्या क्षणी सापडले नाही. मी मान हलवली.

मुलगी दाराशी वाट्या पुसत बसली होती. तिने ते ऐकले असेल, हे माझ्या मनात फार उशिरा आले.

पुढच्या जूनमध्ये ती पाचवीत, मुलींच्या हायस्कुलात गेली. त्या शाळेचा नियम होता: दोन वेण्या, घट्ट, वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या. आईच्या आजारपणात तिचे केस कापलेले होते, ते आता खांद्याखाली आले होते. पहिल्या दिवशी मी माझ्या समजुतीप्रमाणे ते बांधून तिला पाठवले. संध्याकाळी तिच्या वहीत बाईंनी लाल शाईने लिहिलेले होते, 'केस व्यवस्थित बांधून यावे.'

ती वही मी वाचली, पण त्याआधीच तो शेरा सबंध गल्लीला ऐकू गेला होता. आमच्या दारासमोर तीन म्हशींचा गोठा होता, आणि त्या म्हशींच्या मालकीणबाई सकाळ-संध्याकाळ गल्लीला दूध घालत. माझी मुलगी त्यांना मावशी म्हणे. मीही इथे मावशीच लिहितो, जरी प्रत्यक्षात मी त्यांना कोणत्याच नावाने कधी हाक मारली नाही. मी मास्तर नव्हतो, पण पुस्तकांशी संबंध असलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच होता. मावशींचा आवाज इतका मोठा होता की म्हैस व्याली तर रेडा आहे की पारडी हे गल्लीच्या टोकाला समजे. कोणाकडे पाहुणे आले, कोण नापास झाला, कोणाच्या सुनेचे माहेरी पत्र गेले, हे सारे त्या धार काढता काढता जाहीर करत. कोणतीही गोष्ट त्यांच्या पोटात राहणे शक्य नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

मी दुधाचे पातेले घेऊन उभा होतो.

"आवं मास्तर," त्या म्हशीच्या पोटाआडून ओरडल्या, "ह्ये काय करून पाठवलंसा पोरीचं? डोस्कं हाय का शेणीची रास?"

मी मान हलवली.

"मान काय हलवालाय? सुतळी हाय का घरात?"

सुतळी होती. धार झाल्यावर मावशी आमच्या दाराशी आल्या आणि त्यांनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधले. "उजवा मदी. आता डावा मदी. वढा, पर पीळ देऊ नगा. म्हशीचं दावं न्हवं त्ये, लेकराचं केस हाईत." आठवडाभर रोज सकाळी मी त्या गजाशी उभा राहून सुतळीची वेणी घालत असे. खिडकी रस्त्यावर उघडत होती. जाणारे-येणारे थांबून पाहत आणि एकदा एका सायकलस्वाराने उतरून विचारले, "काय अण्णा, दोरखंडाचा धंदा काढलाय व्हय?" मी मान हलवली, आणि तोही समाधानाने पुढे गेला.

वेणी मला बेताचीच जमली. पण भांग मात्र पहिल्या महिन्यातच जमला, आणि तो इतका सरळ जमू लागला की त्याचे मलाच नवल वाटे. नंतर लक्षात आले की त्यात नवल काही नव्हते. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी तसूभरही तिरकी न जाता चिकटवण्याची सवय हाताला आणि डोळ्याला होती. फणीचे टोक कपाळापासून मानेपर्यंत नेताना तीच सवय उपयोगी पडत होती. मुलगी जरा हलली की मी म्हणे, "हलू नकोस, चिठ्ठी वाकडी जाईल." ती हसे आणि आणखी हले.

ती तीन वर्षे आता आठवतात ती अशा बारीकसारीक कामांच्या रूपाने. रोज डब्यात थालीपीठ देत असल्याने ते सबंध वर्गाला ओळखीचे झाले होते, आणि त्याच्या बदल्यात तिला रोज वेगवेगळ्या घरची भाजी मिळत असे. दर जूनला मी तिच्या निळ्या स्कर्टची खालची दुमड उसवून दोन बोटे खाली घेई. जुन्या दुमडीच्या जागी एक फिकट रेघ उरे. सहावीत एक रेघ होती, सातवीत दोन झाल्या. इतर पालकांना मुलगी वाढते आहे याचा आनंद वाटत असेल. मला त्या रेघांकडे पाहून गारगोटी जवळ येत असल्यासारखे वाटे. सासूबाई दर सणाला आल्या की आधी तिचे डोके पाहत, मग तिला उभी करून दाराच्या चौकटीशी तिची उंची पाहत, आणि काही न बोलता परत बसत.

सहावीच्या मध्यावर मुलगी बदलली. पूर्वी शाळेतून येताच ती सगळ्या दिवसाचा वृत्तांत सांगे. आता 'काय झालं?' या प्रश्नाला 'काही नाही' हे एकच उत्तर होते, आणि ते 'काय खाल्लंस?' यालाही चाले. आतली खोली तिची झाली. सातवीत गेल्यावर एके दिवशी तिने माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि म्हणाली, "अण्णा, मी घालते आता." तिची वेणी माझ्याहून चांगली झाली, भांग मात्र डोक्याच्या मध्यापासून डावीकडे वळत गेला. सकाळची पंधरा मिनिटे मोकळी झाली होती, आणि त्या पंधरा मिनिटांचे काय करावे हे मला त्या वर्षअखेरपर्यंत समजले नाही.

तिचे वय पाहता आता कधीही तो दिवस येणार हे मला कळत होते. कळत नव्हते ते इतकेच, की तो आला हे मला समजणार कसे, आणि तिला आधी कोण सांगणार? आईने सांगायचे असते, आई नव्हती. मावशींना विनवावे असे शंभरदा मनात आले, पण ते शब्द उच्चारायचे कसे, आणि उच्चारल्यावर ते गोठ्यातून किती मोठ्या आवाजात परत येतील, या विचाराने मी दूध घेऊन मुकाट्याने परतत असे. शिवाय मावशींच्या माणसांत मुलीला न्हाण आले की तिला सजवून मखरात बसवण्याची रीत होती. गल्लीतल्या साऱ्या बायका ओटी घेऊन येत, गाणी होत. मागच्याच वर्षी त्यांच्या पुतणीचे तसे झाले होते, आणि त्याची वार्ता पलीकडच्या पेठेपर्यंत गेली होती. आमच्याकडे तसे झाले तर ती वार्ता गारगोटीला पोचायला दोन दिवसही लागणार नव्हते.

शेवटी मी मला माहीत असलेल्या एकाच मार्गाने गेलो. ग्रंथालयात मुलींच्या आरोग्यावर एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलेले पुस्तक होते. ते घरी न्यायचे तर देवघेवीच्या वहीत माझ्याच हाताने माझे नाव लिहावे लागले असते, आणि ती वही शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणीही चाळत असे. म्हणून मी ते चार दिवस जेवणाच्या सुट्टीत, शेवटच्या कपाटाआड उभा राहून वाचले. मग मुलीला एक पत्र लिहिले. फुलस्केपची चार पाने झाली. 'चिरंजीव कन्येस अनेक आशीर्वाद' अशी सुरुवात होती आणि मध्ये 'ही प्रकृतीची स्वाभाविक घटना असून तीत भय अथवा लज्जा बाळगण्याचे काहीही कारण नाही' असे वाक्य होते. लिहिताना माझे कान तापलेले होते, हे मात्र पत्रात आले नाही.

ते पत्र मी बारीक घडी करून सकाळी तिच्या कंपासपेटीत, कोनमापकाखाली ठेवले. तिथे ते तिलाच सापडेल, दुसऱ्या कोणाला नाही, असा माझा हिशेब होता.

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास, एका जाड ग्रंथाला चिठ्ठी लावता लावता मला आठवले की आज तिची भूमितीची चाचणी आहे. चाचणीत कंपासपेटी बाकावर उघडी असते. शेजारची मुलगी कोनमापक मागते. बाई फिरत असतात. माझ्या हातातला डिंकाचा कुंचला तसाच राहिला. मी साहेबांना बरे वाटत नसल्याचे सांगितले, जे खोटे नव्हते, आणि सायकल काढून थेट तिच्या शाळेच्या फाटकाशी गेलो.

फाटकात शिपाई स्टुलावर बसला होता.

"या पावणं. कुनाला भेटायचंय?"

मी आत पाहिले. लांबलचक व्हरांडा, सगळी दारे बंद, कुठूनतरी पाढ्यांचा आवाज. काय सांगू? सातवीच्या वर्गातली एक कंपासपेटी मला तातडीने हवी आहे, असे?

"काही नाही," मी म्हणालो.

"काय न्हाय तर घामाघूम कशापायी झालायसा? पानी पितासा?"

मी पाणी प्यालो आणि परत गेलो. ग्रंथालयात उरलेल्या दिवसात मी सात पुस्तकांच्या चिठ्ठ्या तिरक्या लावल्या. त्या दुसऱ्या दिवशी सोडवून पुन्हा लावाव्या लागल्या.

संध्याकाळी मुलगी घरी आली, पाय धुतले, थालीपीठ खाल्ले आणि आत गेली. चेहऱ्यावर काहीच नव्हते. मी वर्तमानपत्र वाचायला घ्यावे म्हणून चष्म्याची डबी उघडली, तर चष्म्याखाली माझे पत्र होते. चौथ्या पानाच्या तळाशी, मी तिच्या प्रगतिपुस्तकावर दर चाचणीनंतर जसा शेरा लिहून सही करत असे, अगदी तसाच शेरा होता: 'पाहिले.' आणि खाली तिची सही. सहीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. 'मला माहीत आहे. मावशींनी दिवाळीतच सांगितले. काळजी करू नये.'

दिवाळीत. तो जानेवारी होता.

मग मला पाडवा आठवला. पाडव्याला आमच्याकडे म्हशींची शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्या बांधून त्यांना गल्लीतून मिरवतात. धाकट्या म्हशीच्या शिंगांना रंग द्यायचे काम माझ्या मुलीकडे होते. महिनाभर ती त्याविषयी बोलत होती. आणि त्या सकाळी ती मावशींच्या घरातून बाहेरच आली नाही. पोटात दुखते, असा निरोप आला. मी ओवा पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी पातेले घेऊन गेलो तेव्हा मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि प्रथमच आवाज खाली आणला. त्यांचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो त्यांच्याकडे असेल असेही वाटले नव्हते.

"कळलं म्हनायचं तुमास्नी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मखर करू, गल्ली बोलवू. तर पोरगी रडाया लागली. म्हनली, मावशी, कुनाला सांगू नगा. आज्जीला कळलं की मला गारगोटीला न्हेतील. अण्णांनी मान हलवलीया."

मी पातेले खाली ठेवले.

"मग? तीन म्हैनं त्वांड शिवून बसलीया मी. माज्या सासूला सांगितलं न्हाय, नवऱ्याला सांगितलं न्हाय. त्यो म्हनतोय, तुझी तब्येत बरी हाय न्हवं?" धार पुन्हा बादलीत वाजू लागली. "आता तुमी बी गप बसा. म्हातारीला काय सपान पडतंय?"

मी गप्प बसलो. ते मला चांगले येत होते. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मार्चही गेला. मुलीने आणि मी त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. फक्त महिन्यातून एकदा ती 'अण्णा, आज दळण तुम्ही आणा' म्हणे आणि मी काही न विचारता डबा उचले. मला वाटू लागले होते की दिवस असेच सरतील. मग परीक्षेच्या शेवटच्या दिवशी सासूबाईंचे पोस्टकार्ड आले: 'परीक्षा झाली की मुलीस घेऊन यावे. तिचे सर्व कपडे आणावेत.'

'सर्व' या शब्दाखाली रेघ होती. त्यांना कळले होते की केवळ वयाचा अंदाज बांधला होता, हे त्यातून समजत नव्हते. मी कार्ड मुलीला दिले. तिने ते वाचले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहून विचारले, "अण्णा, तुम्ही काय सांगणार?"

"सांगीन," मी म्हणालो. काय ते मला माहीत नव्हते.

निघायच्या सकाळी तिने फणी आणि लाल रिबिनी आणून माझ्या हातात दिल्या आणि पाठ करून बसली. वर्षभरात ती तशी बसली नव्हती. मी भांग पाडला. तिने आरशात पाहिले. "वाकडा आहे." मला तो वाकडा वाटत नव्हता, तरी मोडून पुन्हा पाडला. "अजून जरा." तिसऱ्यांदा पाडला तेव्हा ती हलली नाही, श्वाससुद्धा रोखून बसली. मग मी पिशवी भरली. तिचे कपाट उघडून उभा राहिलो, आणि चार दिवसांपुरते कपडे घेऊन कपाट बंद केले. त्या दिवशी मी ठरवून केलेली तेवढी एकच गोष्ट होती.

एस. टी.त मी वाक्ये जुळवत राहिलो. मुदाळतिट्ट्याला गाडी थांबली, मुलीने खिडकीतून काकड्या घेतल्या, आणि माझी वाक्ये विसकटली. गारगोटी येईपर्यंत पुन्हा जुळली नाहीत.

सासूबाईंच्या माजघरात पापडांचे काम चालले होते. मुलीची मामी पोळपाटावर वाकलेली होती. मुलगी मागल्या दारी पाय धुवायला गेली. सासूबाईंनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिले.

"कपडे एवढेच?"

"चार दिवसांचे."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "म्हणजे अजून अवकाश आहे म्हणायचा. बरं झालं. मला वाटलं होतं, यंदाच."

त्या माझ्याकडे पाहत होत्या. मला काहीही बोलायचे नव्हते. खोटे तर मुळीच बोलायचे नव्हते. फक्त मान हलवायची होती, जी मी आयुष्यभर हलवत आलो होतो, आणि मुलगी आणखी वर्षभर माझ्याकडे राहणार होती. माझी मान हलू लागली होती, हेही मी इथे कबूल करतो. पण मागल्या दारी पाण्याचा तांब्या वाजला, आणि मला दाराशी वाट्या पुसत बसलेली नऊ वर्षांची मुलगी आठवली.

"नाही," मी म्हणालो. "दिवाळीतच झालं."

मामीचे लाटणे थांबले.

"दिवाळीत? आणि आता सांगताय? तेराव्याला तुम्ही हो म्हणाला होतात."

"मान हलवली होती. हो म्हटलं नव्हतं."

"मान हलवणं म्हणजे दुसरं काय असतं हो?"

"माझ्या बाबतीत… काहीही असू शकतं," मी म्हणालो. "ती कोल्हापूरलाच राहू दे. माझ्याकडे. एवढंच सांगायला आलो."

सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेऊन भिंतीशी ठेवली. मग विचारले, "तिचं बघितलं कोणी?"

"समोरच्या मावशींनी. म्हशीवाल्या. सगळं त्यांनीच केलं. मी पत्र लिहिलं होतं, पण त्याआधीच…"

"पत्र? कुणाला?"

"मुलीला."

"एकाच घरात?"

मी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ एकच होता. कंपासपेटी, भूमितीची चाचणी, फाटकातला शिपाई हे सारे त्यांनी एकेक प्रश्न विचारून माझ्याकडून काढून घेतले, आणि 'पाहिले' या शब्दाशी पोचल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटले, रडताहेत. त्या हसत होत्या. मामी तर पोळपाटावर कोलमडली होती. लेक गेल्यापासून सासूबाईंना हसताना मी पाहिले नव्हते. हसताना त्या आपल्या लेकीसारख्या दिसत, हेही मी विसरलो होतो.

मुलगी आत आली ती बावरून. आजीने तिला समोर बसवले, पाठ करायला लावली, आणि डोके पाहिले.

"वेण्या कोणी घातल्या?"

"अण्णांनी."

आजीने बोट कपाळापासून मानेपर्यंत भांगावरून सावकाश नेले. मग पुन्हा एकदा नेले.

"हिच्या आईचा भांग मला शेवटपर्यंत सरळ पाडता आला नाही," त्या कोणाला उद्देशून म्हणाल्या ते कळले नाही. "सारखी हलायची. तू हलत नाहीस?"

"अण्णा म्हणतात, हललीस तर चिठ्ठी वाकडी जाईल."

आजीने तो भांग मोडला नाही. एका वेणीची सैल झालेली रिबीन तेवढी घट्ट केली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "बुधवारी या न्यायला. आणि दर मे महिन्यात, दर दिवाळीत ती इकडं येईल. मान हलवू नका. तोंडानं सांगा."

"पाठवीन," मी म्हणालो.

बुधवारी तिला घेऊन परत निघालो तेव्हा पिशवी पापडांनी फुगली होती. मुदाळतिट्टा मागे गेल्यावर मुलगी म्हणाली, "अण्णा, भांग पहिल्याच वेळी सरळ पडला होता."

"मग तीनदा का पाडायला लावलास?"

"आजी आल्या आल्या डोकंच बघते. कसलीच चूक नको होती." आणि ती खिडकीबाहेर पाहू लागली. मीही दुसऱ्या खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण मला रुमाल सापडत नव्हता.

गल्लीत शिरलो तेव्हा मावशी गोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलीला पाहिले, मला पाहिले, मग पिशवी पाहिली. मुलीने मोठ्याने सांगितले, "मावशी, आज्जीला सांगितलं. मी हितंच राहणार!"

सहा महिन्यांचे कोंडलेले सारे एकदम बाहेर पडले. "आगं बाई माजे! ऐकलं का गं समद्यांनी? आता मखर व्हनार! आता मला कोन आडवतंय बघूया की!" पलीकडच्या पेठेलाही ते ऐकू गेले असेल.

मखर झाले नाही. मुलीने मखराला साफ नकार दिला. हिरव्या बांगड्या आणि ओटी एवढ्यावर तडजोड झाली. पुढच्या रविवारी दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमू लागल्या. पहिल्या दोघी आत शिरताच मी चपला घातल्या आणि कामाचे निमित्त सांगून ग्रंथालयाकडे निघालो. रविवारी ग्रंथालय बंद असते, हे तिथे पोचल्यावर आठवले. मी बाहेरच्या पायरीवर बसलो. ऊन तापलेले होते, शिपायाच्या खोलीजवळ एक मांजर सावलीत पसरले होते, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती. तीन वर्षांत अशी निवांत दुपार मी बसून काढली नव्हती.

चारच्या सुमारास मुलगी शोधत आली. दोन्ही मनगटांत बांगड्या, कपाळावर भलेमोठे कुंकू, आणि रिबिनी सुटून हातात आलेल्या.

"मला वाटलंच, इथं असाल," ती म्हणाली. "चला, संपलं सगळं. मावशी म्हणतात, मास्तरांना पुरणपोळी खायला बोलव. आणि भांग विस्कटलाय, घरी गेल्यावर पाडून द्या."

"देतो," मी म्हणालो, आणि उठलो.